नळीवरचं बोट

तिच्या नवऱ्याने बेसिनपाशी उभं राहून तिसऱ्यांदा हात धुतले, अंगठ्याशेजारच्या बोटाचं नख उजेडात धरून नीट पाहिलं आणि ते बोट सिस्टरपुढे केलं.

"काका, अंगठी नाही घालायची मला," सिस्टर म्हणाली. "हातमोजा चढवा आणि या इकडे."

त्याने मोजा चढवला. पलंगावर ती उशांना टेकून बसली होती, म्हणजे बसवली होती. हातपाय जागच्या जागी होते, पण तिचं काही ऐकत नव्हते. गळ्याच्या खळग्यात एक पांढरी वाकडी नळी बसवलेली होती. मानेमागून आलेल्या पट्टीने ती घट्ट बांधली होती आणि नळीचं तोंड बाहेर उघडं होतं. इतके आठवडे ती या भोकातूनच श्वास घेत होती. नाक आणि खरं तोंड नुसतं शोभेला.

"आत एक बारका फुगा आहे," नळीला लोंबणाऱ्या फाट्याला सिरिंज लावत सिस्टरने सांगितलं. "श्वासाच्या मशीनची हवा वरून निसटू नये म्हणून फुगवून ठेवला होता. आता मावशी आपल्या आपण श्वास घेतात, म्हणून तो रिकामा करतेय. हवेला घशातून वर जायला वाट मिळेल. मावशींनी श्वास आत घेतला की तुम्ही नळीच्या तोंडावर बोट ठेवायचं. दाबायचं नाही, नुसतं झाकायचं. बोलून झालं की काढायचं, म्हणजे पुढचा श्वास. समजलं?"

"समजलं."

"छातीकडे लक्ष ठेवायचं. घाई नाही करायची."

लेक पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. आईचा पहिला शब्द आपल्यासाठीच असणार, याबद्दल तिच्या मनात काही शंका नव्हती. तिने रुमाल आधीच हातात काढून ठेवला होता.

श्वास आत आला. बोट आलं. घशात काहीतरी खरवडलं, गुदगुल्या झाल्या, डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि मग तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. जाडसर, धुळीतून काढल्यासारखा, पण तिचाच.

"बेसिनचा नळ," ती म्हणाली.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. बोट निघालं, श्वास आला, बोट परत ठेवलं गेलं.

"गळतोय. बंद करा."

सिस्टर खो खो हसत सुटली. लेक रडत होती आणि हसतही होती. "आई, अगं महिन्याभरानं बोलतेस आणि नळ?" पण तिला विचारा! या खोलीत आणल्यापासून तो नळ तिच्या कानाशी टपटपत होता, आणि येणारा प्रत्येक जण त्याच नळावर हात धुऊन, तो अर्धवट बंद करून, तिला 'काही हवंय का' असं डोळ्यांनी विचारून जात होता.

घरात आणि माहेरी तिला सगळे टकळी म्हणत. पडदे शिवायचं तिचं दुकान होतं. मशीनही चालायचं आणि तोंडही चालायचं, आणि गिऱ्हाइकं म्हणायची की दोन्हींत जास्त धागा कशाला लागतो ते कळत नाही. एका सकाळी तिची पावलं बधिर झाली. दुपारी गुडघे गेले, रात्री हात, आणि मग छातीच वर उठेना. डॉक्टर म्हणाले, शरीर स्वतःच्याच नसांवर उलटलंय, असं होतं कधी कधी, बहुतेक माणसं यातून बरी होतात, पण वेळ लागतो. मग सुरू झाल्या नळ्या. नाकातून पोटात उतरलेली एक, नेफ्यातून नाडी ओवावी तशी ओवलेली. तिच्यातून कोमट पातळ जेवण थेट पोटात जायचं. चव कसली ते कळायचं नाही, ढेकर मात्र हिलाच द्यावी लागायची. लघवीची नळी पलंगाखालच्या पिशवीत उतरायची, आणि आला-गेला प्रत्येक जण वाकून त्या पिशवीवरच्या रेघा वाचायचा. बाईमाणसाचं काही गुपित म्हणून उरलं नव्हतं. मानेच्या शिरेत एक, औषधांसाठी. मनगटात एक. श्वासाच्या मशीनची नळी आधी तोंडातून घातली होती, पण ती फार दिवस तशी ठेवता येत नाही म्हणून डॉक्टरांनी गळ्याला छेद देऊन ही बसवली. सिस्टरने पहिल्यांदा आरसा दाखवला तेव्हा ती घाबरेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तिच्या मनात आलं, काज बरं पाडलंय.

या सगळ्या दिवसांत ती जागी होती. लोकांना वाटायचं गुंगीत आहे. ते तिच्यादेखत तिच्याविषयी बोलायचे, आणि तिला नुसते डोळे फिरवत पडून राहावं लागायचं. टकळीच्या तोंडाला कुलूप! शेजारणीने तर पलंगापाशी उभं राहून सुस्कारा टाकला होता, "काही म्हणा, नवरा मात्र देवमाणूस मिळाला हिला."

तिथेच तर सगळं अडलं होतं.

आजाराच्या आधीच्या महिन्यात तिने दुकानाच्या वरची खोली भाड्याने घेतली होती. एकेक वस्तू नेली होती: गादी, शेगडी, दोन पातेली, एक खुर्ची. तिथे राहायला जायचं, एकटीने, असं तिने ठरवलं होतं. कुणाला सांगण्यासारखं कारण नव्हतं. नवरा दारू पीत नव्हता, हात उगारत नव्हता, आवाजसुद्धा चढवत नव्हता. त्याचं एकच होतं, आणि ते सांगायला गेलं असतं तर ऐकणारा हसलाच असता. तो तिचं वाक्य पुरं होऊ द्यायचा नाही. जन्मभर शहरातली बस चालवली त्याने. घंटी वाजली की गाडी सोडायची, मागे कोण धावतंय ते बघायचं नाही. तिने 'आज दुकानात ना' म्हटलं की हा 'झालं ना मग' म्हणून उठायचा. 'मला वाटतं की' म्हटलं की 'बरं बरं.' शंभर वाक्यं टाकली तर त्यातलं एखादं तरी पोचेल, या आशेने ती बोलत गेली, आणि तशीच टकळी झाली, असं तिचं स्वतःचं मत होतं. लेकीला हे सांगून पाहिलं होतं तिने. लेक म्हणाली, "बाबा तसेच आहेत गं, मनावर नको घेऊस." तेव्हा तिने ठरवलं की आता ज्या खोलीत कुणी नाही त्याच खोलीत गप्प बसून बघावं. निदान तिथे ऐकणारा नाही याचं वाईट तरी वाटणार नाही.

एका संध्याकाळी ती म्हणाली होती, "अहो, मी एक ठरवलंय, तुम्हाला सांगायचंय—"

"उद्या बघू," तो म्हणाला आणि त्याने दिवा मालवला. त्या उद्याच्या सकाळी पावलं बधिर झाली.

आवाज परत यायच्या आधी सिस्टरने एक अक्षरांचा तक्ता आणला होता. त्यावर नवरा बोट फिरवायचा, आणि हवं ते अक्षर आलं की ती पापणी मिटायची. एकदा तिने सगळं बळ एकवटून ठरवलं की आज सांगून टाकायचं. ख वर पापणी मिटली. मग ओ ची खूण.

"खो," तो म्हणाला. "खोकला! सिस्टर, हिला खोकला येतोय बघा!"

सिस्टर धावत आली, नळीत दुसरी बारीक नळी सारून तिने कफ ओढून काढला. त्या प्रकाराने जीव नकोसा होतो. छातीतून कुणीतरी वाखाची दोरी ओढून काढावी तसं वाटतं. डोळ्यांतून पाणी वाहत असताना ती नवऱ्याकडे बघत होती, आणि तो बापडा तिचे डोळे पुसत होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग त्या रागाची तिलाच लाज वाटली.

आता बोट आलं होतं. पण पहिले काही दिवस बोटाचंही तेच.

"ही उशी जरा—"

बोट निघालं, आणि तो उशी वर सरकवायला उठला. तिला ती काढून टाकायला हवी होती.

"लेकीला सांगा, उद्या—"

"सांगतो, उद्या ये म्हणून."

उद्या येऊ नको, पोराची परीक्षा आहे, असं तिला म्हणायचं होतं. शेवटी सिस्टरच वैतागली. "काका, असं नका करू. मावशी, तुमचं बोलणं बाकी असलं की दोनदा डोळे मिटा. आणि काका, यांनी दोनदा डोळे मिटले की हलायचं नाही जागचं."

तिने लगेच दोनदा डोळे मिटले. तो जागीच थांबला. श्वास, बोट.

"तुम्ही ना, माणूस चढायच्या आधी..."

बोट निघालं. श्वास. बोट.

"गाडी सोडता."

शेजारच्या पलंगावरची बाईसुद्धा हसली. तो मात्र हसला नाही. कानाच्या पाळ्या लाल करून बसून राहिला. तिला वाटलं, झालं, आता रुसणार. पण दुसऱ्या दिवशी त्याने खुर्ची पलंगाच्या अगदी जवळ ओढली, चष्मा पुसला आणि तिच्या छातीकडे असा टक लावून बसला की सिस्टरने जाता-जाता, "काका, तिकीट नाही लागत बघायला," म्हणून घेतलं.

हळूहळू त्याला जमायला लागलं. श्वास किती आला यावरून तो ओळखायचा की वाक्य आखूड आहे की लांब. लांब असेल तर मधे एकदा बोट काढून तिला हवा घेऊ द्यायचा, आणि पुन्हा ठेवून वाट बघायचा. लेकीने हौसेने करून पाहिलं, तिला येईना. ती आईच्या तोंडाकडे बघायची, छातीकडे नाही, आणि अर्ध्या शब्दाला गोंधळायची. डॉक्टरांनी नळीच्या तोंडावर बसवायची एक झाकणी आणली होती. ती लावली की बोटाची गरजच नाही, हवा आत येते पण बाहेर घशातूनच जाते. ती लावल्याबरोबर हिला खोकल्याची अशी उबळ आली की काळीनिळी पडली. "कफ कमी होऊ दे," डॉक्टर म्हणाले, "तोवर काकांचं बोट."

म्हणजे बोलायचं तर त्याच्याच बोटाने.

तो सकाळी यायचा तो संध्याकाळपर्यंत बसायचा. फक्त दुपारी तास-दोन तास जायचा, जेवायला आणि पाठ टेकायला असं ती धरून चालली होती, आणि आल्यावर नखं घासघासून धुवायचा. बाकीचा वेळ खुर्चीत. आणि नवल म्हणजे वाक्य संपलं तरी तो बोट लगेच काढायचा नाही. क्षणभर थांबायचा, आणखी काही येतंय का बघायचा. असं कुणी थांबलं की माणूस भलतंच काही बोलून जातं. एकदा ती म्हणाली, "मशीन बंद पडलं तर... आणि कुणाच्या लक्षात नाही आलं तर... असं वाटायचं. भीती वाटायची हो." एवढं म्हणायला तिला चार श्वास लागले. तो चारही श्वास थांबला.

"मी जागी होते सगळा वेळ," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"कसं?"

"तुझे डोळे चिडलेले असायचे," तो म्हणाला. "झोपलेल्या माणसाचे असे नसतात."

ती हसली तेव्हा नळीतून शिट्टीसारखा आवाज आला, आणि त्यावर दोघंही हसली. नाकातली नळी निघाली, लघवीची निघाली. त्या दिवशी तर तिला पोरीसारखा आनंद झाला. डाव्या हाताचा अंगठा हलायला लागला. आणि इकडे खोलीची गोष्ट सांगणं दिवसेंदिवस जिवावर यायला लागलं. ज्याचं घर सोडायचं त्याच्याच बोटाने त्याला ते सांगायचं, हे कसलं बोलणं! इतके दिवस रागाच्या जोरावर ती बोलली असती. तो राग आता हाताला लागेना. पण खोली हवीशी वाटायचं काही कमी झालं नव्हतं, हेही खरं. पडल्या पडल्या तिला ती खोली दिसायची: पूर्वेची खिडकी, भिंतीला लावलेली गादी, कुणी न हलवलेली खुर्ची. त्या खुर्चीत बसायच्या आधीच ती या पलंगावर येऊन पडली होती. आजारी बाई चांगल्या नवऱ्याला सोडून जाते, हे ऐकून शेजारीण काय म्हणेल ते तिला इथूनच ऐकू येत होतं. नुसती शेजारीणच का? तीसुद्धा स्वतःला तेच म्हणत होती.

एका दुपारी तिने धीर केला.

"अहो. त्या संध्याकाळी मी तुम्हाला..."

बोट निघालं, श्वास आला, बोट परत आलं आणि थांबलं. तो चष्म्यातून तिच्याकडे बघत होता. कुठे उठला नाही, बरं बरं म्हणाला नाही. नको तेव्हा घाई करणारा हा माणूस आज नेमका थांबला होता, आणि शब्द तिच्याच घशाशी येऊन अडले.

"पंखा कमी करा," ती म्हणाली.

तो उठला आणि त्याने पंखा कमी केला.

मग एका सकाळी मालकीणबाई आल्या. दुकान आणि वरची खोली त्यांचीच. अंगाने भरभक्कम, हातात भली मोठी पिशवी, आणि बोलणं असं की त्यांच्यापुढे टकळीनेसुद्धा हात टेकावेत. तिचा नवरा त्यांना बघून उठला, खुर्ची त्यांना दिली आणि हात धुवायला बेसिनकडे गेला.

"काय गं बाई हा अवतार," मालकीणबाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "पण तोंडावर तजेला आलाय हं. बोलता येतं म्हणे आता? ह्यांचं बोट लागतं म्हणे! म्हणजे मजाच आहे. आमच्या ह्यांच्या हातात असं काही दिलं असतं ना, तर मी आजपर्यंत मुकीच राहिले असते." त्या स्वतःच खदखदून हसल्या. "बरं, तू मुळीच काळजी करू नकोस जिना चढायची. कठडा काय झकास बसवलाय तुझ्या ह्यांनी! दोन्ही बाजूंना. आणि ती वरची उंच पायरी होती ना, जिच्यावर मी दोनदा आपटले, ती फोडून तिच्या दोन पायऱ्या करून घेतल्या. दुपारी येतात, गवंड्याच्या डोक्यावर उभे राहतात. स्वतः घासकाम केलं हो त्या कठड्याचं, हाताला टोचायला नको म्हणून."

तिने डोळे वळवून बेसिनकडे पाहिलं. तो पाठ करून हात धूत होता.

"अय्या, तुला माहीत नव्हतं?" मालकीणबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे बघून जीभ चावली. "तू दवाखान्यात आलीस त्याच आठवड्यात ते दुकानात आले होते, तुझी शाल न्यायला. शाल वर होती, म्हणून मीच किल्ली दिली. गादी, शेगडी, पातेली, सगळं बघितलं. बराच वेळ त्या खुर्चीत बसून होते. मला म्हटलं आता काय विचारतात कोण जाणे! तर काही नाही. खाली आले आणि म्हणाले, हा जिना फार उभा आहे. बस. मग तू मशीनवरून सुटलीस तशी गवंडी घेऊन आले."

नळ बंद झाला. तो हात झटकत उभा होता, पण वळत नव्हता.

"आता माझ्या येण्याचं कारण सांगते," मालकीणबाईंचा आवाज जरा खाली आला. "माझ्या भाचीला नोकरी लागलीय इथे. तिला खोली हवीय. मी म्हटलं, आधी जिची आहे तिला विचारते. तू अशी पडलेली, कधी उठशील, उठलीस तरी एकटीने कसं काय... मला काही कळेना. तुला ठेवू का भाचीला देऊ? काय असेल ते आज सांग बाई, म्हणजे पोरीला कळवते."

तो आला. मालकीणबाईंनी खुर्ची सोडली नव्हती म्हणून पलंगाच्या कडेवर बसला. हातमोजा चढवला. तिने त्याच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला, पण तो तिच्या छातीकडे बघत होता, रोजच्यासारखाच.

इतके आठवडे हा माणूस सगळं माहीत असून तिच्या वाक्यांची वाट बघत बसला होता. एकदा विचारलं नाही, एकदा टोमणा मारला नाही. कठडा घासत होता! तिला भडभडून आलं. अशा माणसाला सोडून जायला आपल्याला काय झालंय, असं तिला वाटलं, आणि त्या क्षणी तिने मनातल्या मनात ती पूर्वेची खिडकी लावून टाकली. असू दे. काय करायची खोली या वयात.

श्वास आत आला. बोट आलं.

"द्या भाचीला," ती म्हणाली.

बोट निघालं.

"बरं झालं बाई," मालकीणबाई उठायला लागल्या. "मीही तेच म्हणणार होते. या अवस्थेत आपल्या माणसाजवळ असलेलं बरं. मग मी पोरीला—"

"थांबा," तो म्हणाला. "तिचं बोलणं व्हायचंय."

"झालं की. द्या म्हणाली ना!"

"नाही झालं." तो अजूनही मालकीणबाईंकडे बघत नव्हता. "अर्ध्याहून जास्त श्वास आत होता तिच्या. ती कधी श्वास शिल्लक ठेवून थांबत नाही."

मालकीणबाई पिशवी छातीशी धरून परत बसल्या. शेजारच्या पलंगावरच्या बाईने चाळत असलेलं मासिक खाली ठेवलं. इकडे उशांना टेकलेल्या तिला रडू आलं, आणि हात उचलता येत नसल्याने ते तसंच गालांवरून खाली वाहू लागलं. एरवी त्याने चटकन पुसलं असतं. आज त्याने हात जागचा हलवला नाही. मोज्यातलं बोट नळीच्या तोंडापासून अंगुळभर दूर धरून तो बसून राहिला.

तिने श्वास घेतला. पोटापर्यंत, जितका येईल तितका. बोट बसलं.

"खोली माझी आहे. ठेवा. मी येणार आहे राहायला."

बोट निघालं. श्वास. बोट.

"भाचीला दुसरी बघा. वाईट नका वाटून घेऊ."

"मला कसलं वाईट," मालकीणबाई पुटपुटल्या. त्या एकदा तिच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत राहिल्या.

त्याचा चेहरा जसाच्या तसा होता. फक्त हनुवटी जराशी हलली, घास गिळताना हलते तशी. त्याला लागलं होतं, ते तिला दिसलं. त्याला लागणार हे त्याला आधीच ठाऊक होतं, तेही दिसलं. त्याने बोट काढून घेतलं, मोजा काढायला दुसरा हात वर केला, आणि तिने दोनदा डोळे मिटले.

तो थांबला. श्वास, बोट.

"तुम्ही येत जा. संध्याकाळी."

श्वास.

"पण दार ढकलून आत शिरायचं नाही. बेल वाजवायची. मी उघडेन."

"अगं, बेल कुठाय तिथे?" मालकीणबाईंच्याने राहवलं नाही. "त्या दाराला बेलच नाहीये."

त्याने मान वर केली नाही. तिची छाती पुन्हा भरून येत होती.

"बसवून घेतो," तो म्हणाला.